काळी कच

फेब्रुवारी संपत आला आणि बारावीच्या पेपरांचं वेळापत्रक स्टाफरूमच्या भिंतीवर लागलं, की मला घरची माशांची पेटी उपसायची घाई होते. नांदेडचं ऊन अजून अंगावर आलेलं नसतं, नळाचं पाणी सकाळी गार असतं, तेवढ्यात काम उरकावं लागतं. मासे बादलीत, वनस्पती ओल्या गोणपाटात, आणि तळाची काळी कच घमेल्यात घेऊन मी अंगणात नळाखाली बसते. कच म्हणजे खडी फोडताना मशीनखाली पडतो तो काळ्या दगडाचा बारीक चुरा, ज्वारीच्या दाण्याएवढा. शेजारच्या वहिनी दरवर्षी कुंपणावरून म्हणतात, मॅडम, तुम्ही तांदूळ निवडावेत तसे दगड निवडता. मी म्हणते, हो. तांदूळ एकदा शिजवला की संपतो, ही कच पंचवीस-सत्तावीस वर्षं पुरली आहे.

यंदा मात्र माझं मन जरा डळमळलं. गुडघे दुखतात. मासे विकणाऱ्या दुकानदाराने एक पाकीट पुढे केलं. त्यात भाजलेल्या काळ्या मातीच्या गोल गोळ्या होत्या. धुवायचं काम नाही, खाली काही घालायचं काम नाही, पाणी ओतलं की झालं, आणि मॅडम, आता स्वस्तही झालीय, असं तो म्हणाला. मी पाकीट हातात घेतलं. फार हलकं होतं. विचार करून सांगते म्हणाले, घरी आले, आणि सरळ घमेलं बाहेर काढलं. विचार करायचा होता, आणि माझा विचार धुणं धुताना, दगड धुतानाच नीट चालतो.

ही कच पहिल्यांदा आणली त्या वर्षी मी लातूरला होते. भूकंपाला साडेतीन वर्षं झाली होती. बारावीला मला मेडिकलपुरते मार्क पडले नव्हते, म्हणून मी पुन्हा बसले होते. अशा पोरांना तिथे रिपीटर म्हणत, आणि तो शब्द सगळे असा उच्चारत की जणू काही अंगावर उठलेला रोग. पहाटे क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट, सोमवारी टेस्टच्या मार्कांची यादी. आमच्या गल्लीत घरटी दोन-दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, आणि प्रत्येक खोलीत एक पोर आणि त्याला करून घालायला आलेली त्याची आई. उमरीची आई, उदगीरची आई, हिमायतनगरची आई. बायका एकमेकींना गावाच्या नावानंच हाका मारत. त्या सगळ्या आयांमध्ये बाप एकच होता, तो माझा.

अप्पा दगडी कामाचे मिस्त्री. आमच्या औसा भागात त्यांनी बांधलेली घरं गावोगाव होती. भूकंपात आमचं गाव पडलं आणि माझी आत्या, अप्पांची धाकटी बहीण शांता, तिच्या घराखाली दबून गेली. ते घर अप्पांनीच बांधलेलं होतं. तेव्हापासून त्यांनी दगडाला हात लावला नाही. नव्या वसाहतीत सिमेंटचं घर मिळालं, तर तिथेही ते छताखाली झोपत नसत, बाज बाहेर टाकत. थंडी असो, पाऊस असो, बाज ओट्यावर. सरकारी माणसं दोनदा काम घेऊन आली आणि दोनदा परत गेली. आई शेत बघे, जनावरं बघे, आणि अप्पा ओट्यावर बसून असत. त्यांचा हात पुन्हा कामाला लागेल का, हा आमच्या घरातला प्रश्न होता आणि तो कोणीही तोंडाने विचारत नव्हतं. मला लातूरला ठेवायचं ठरलं तेव्हा आई त्यांना एवढंच म्हणाली, "रिकामं बसून भिताडाकडं बघण्यापरीस पोरीला भाकरी तरी करून घाला."

अप्पा आले. भाकरी शिकले. सुरुवातीची भाकरी चांगली जाड व्हायची, दोन्ही बाजूंनी शेकलेली आणि मध्ये कच्ची, पण मी ती कधी मागे टाकली नाही. गल्लीतल्या आया आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग त्यांनीच पीठ कोमट पाण्यात कसं मळायचं ते दाखवलं. झोपायला मात्र अप्पा इथेही अंगणात.

घरमालक चाचा घड्याळं दुरुस्त करत. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं, काउंटरवर काळ्या मखमलीचा तुकडा आणि डोळ्याला भिंग. त्यांचा मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याची माशांची पेटी ओसरीत पडून होती आणि चाची तिच्यात कांदे ठेवत. एका टेस्टमध्ये मी यादीच्या तळाशी गेले तेव्हा चाचांनी कांदे काढून पेटी मला दिली. म्हणाले, पुस्तकातून डोकं वर काढलं की नजरेला काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे बेटी, न्हाई तर डोळे सुकतेत.

मी गंजगोलाईच्या बाजारातून चार गप्पी आणल्या, पाणवेल आणली आणि दुकानात मिळतो तो पांढरा-निळा खडा आणला. दोन दिवसांत मासे फिके पडले, हिरवा पाला पिवळट दिसायला लागला. दुकानदार म्हणाला, तळ काळा पाहिजे. काळ्यावर मासा रंग धरतो, पाला उठून दिसतो. चाचांनीही मान हलवली आणि काउंटरवरची मखमल दाखवली. बारीक चीज काळ्यावरच दिसते, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. पण दुकानात बाहेरून आलेला खरा काळा खडा होता, त्याच्या एका पिशवीत आमचा महिन्याचा किराणा आला असता. रंगवलेला काळा खडा परवडत होता. तो आणला, तर तिसऱ्या दिवशी पाणी शाईच्या दौतीसारखं झालं.

आता मागे वळून पाहताना मला माझंच हसू येतं. रसायनशास्त्राचा अख्खा एक भाग शिल्लक होता आणि मी लातूरभर काळा रंग शोधत हिंडत होते. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. त्या वर्षात मी जे जे हातात घेत होते ते निसटत होतं. एक गोष्ट तरी मी ठरवीन तशी झाली पाहिजे, असा हट्टच मी धरला होता. मार्क माझ्या हातात नव्हते. हातभर लांबीची काचेची पेटी होती.

मग मी आमच्या मुलखातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोरीनं केली असती तीच चूक केली. काळं पाहिजे ना, उगवायला पाहिजे ना, मग आपल्या रानात काय कमी आहे. आमच्याकडे म्हणतात की काळ्या रानात काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. आईला निरोप धाडला. आईने पाटाजवळची चांगली माती उकरली, चाळली, वाळवली आणि एस्टीने दोन पिशव्या घेऊन स्वतः आली. मी अभिमानाने ती पेटीत पसरली. चाची म्हणाल्या, वा. अप्पा लांबून बघत होते.

काळी माती पाणी पिते हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती किती पिते हे काचेतून कधी पाहिलं नव्हतं. ती फुगली, भिजल्या कणकेसारखी वर आली, वेलीची मुळं उचलून बाहेर टाकली. पाणी असं गढूळ झालं की आठ दिवस ठेवूनही निवळेना. मासे वर येऊन तोंडाने हवा ओढायला लागले. दोन मेले. आईची मेहनत, दोन मुके जीव, माझा अख्खा आठवडा, सगळं त्या चिखलात. मी पेटी अंगणात पालथी केली आणि तिथेच बसून रडले. आई गावी परतली होती म्हणून बरं. तीन दिवसांनी तोच चिखल उन्हात वाळून भेगाळला. चाचा येता-जाता त्याच्याकडे बघत आणि माझ्याकडे बघणं टाळत.

माती चांगली होती हे मला आज वर्गात शिकवताना पटतं. ती तिच्या जागी चांगली होती, मी तिला भलत्या जागी घातलं होतं. तेव्हा मात्र मला आमच्या रानाचाच राग आला होता.

रागातच मी औसा रोडला सायकल काढली. तिथल्या खडी केंद्रावर डोंगराएवढा काळा दगड पडलेला असे आणि मशीनखाली कचेचा ढीग. मुकादमाला मी सांगितलं की मासे ठेवायला पाहिजे. तो खो खो हसला आणि म्हणाला, ने की, एवढ्याला काय मागायचं. गोणीभर कच कॅरिअरला बांधून मी हातानेच सायकल ढकलत आणली. ओल्या कचेचा तो रंग मला अजून आठवतो. निळसर काळा, आणि एका बाजूने ऊन पडलं की चमकणारा. बाहेरून आलेल्या महागड्या खड्यापेक्षा काळा. दारात गोणी टेकवली तेव्हा मी जिंकल्याच्या आनंदात होते.

अप्पा चुलीपाशी होते. त्यांनी गोणीचं तोंड उघडून पाहिलं आणि हात झटकन मागे घेतला.

"ह्ये घरात न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणाले, "अप्पा, लई स्वस्तात पडलं. फुकटच म्हणा की."

अप्पांनी तवा उतरवला, पायात वहाणा घातल्या आणि चाचांच्या दुकानात जाऊन बसले. दोन दिवस ते दुकानात, मी खोलीत. जेवण करून ठेवत आणि निघून जात. मला वाटलं, दगड बघून त्यांना भूकंप आठवला. ते काही प्रमाणात खरंही होतं. पण मी एकोणीस वर्षांची होते, माझी टेस्ट पुन्हा बिघडली होती, आणि मला माघार घ्यायची नव्हती. मी कच दोन पाण्यांनी धुतली, पेटीत ओतली, मागे उंच आणि पुढे उतरती केली, वेल खोचली. पाणी राखेसारखं झालं. सकाळी उठून बघते तर मागची सगळी चढण घसरून पुढच्या काचेला आलेली, वेल तरंगत होती.

मी तशीच क्लासला गेले. दुपारी परत आले तेव्हा पेटी रिकामी होती आणि अप्पा नळाखाली बसले होते.

मी दारातच थांबले. घमेल्यात कच, घमेल्यावर पाण्याची बारीक धार, आणि अप्पांचे दोन्ही हात मनगटापर्यंत दगडात. ते कच घोळत, वरचं गढूळ पाणी ओतून देत, पुन्हा घोळत. पांढुरका खडा दिसला की वेचून बाजूला टाकत. चाचा दुकानाच्या दारात उभे होते, भिंग कपाळावर सरकवलेलं. त्यांनी मला हाताने खुणावलं, बोलू नको.

अप्पांनी वर न बघता विचारलं, "लिंबू हाय का?"

मी लिंबू आणलं. त्यांनी फोड करून वेचलेल्या पांढुरक्या खड्यावर पिळली. बारीक फेस आला. मग काळ्या खड्यावर पिळली. काही झालं नाही. फेस येतो त्यात चुना असतो, ते म्हणाले, तसला एक बी खडा आत गेला की पाणी बिघाडतंय. मला हे पुस्तकातून पाठ होतं आणि सुचलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले. किती पाण्यांनी धुवायचं, म्हणून विचारलं. ते म्हणाले, पाणी सांगंल तितक्यांदा.

चौदा-पंधरा पाण्यांनंतर त्यांनी बोलायला सुरुवात केली. हात चालूच होते. दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण आत ती दोन भिंतींची असते, मध्ये माती आणि बारीक दगड भरलेले असतात, असं त्यांनी सांगितलं. त्या दोघींना धरून ठेवायला दर दोन-तीन हातांवर एक लांब दगड आरपार घालायचा असतो. तो मिळायला अवघड, घडायला अवघड, आणि महाग.

"शांता म्हणली, दादा, जरा स्वस्तात बसव. म्या लांब दगड वगळले. आतलं कुणाला दिसतंय."

मी म्हणाले, "सगळ्यांनी तसंच बांधलं हुतं, अप्पा."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? हात माझे हुते."

मी नळ थोडा बारीक केला आणि दुसरं घमेलं पुढे ओढलं. मला भयंकर वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी आतून एक आनंद उसळत होता, कारण साडेतीन वर्षांनी माझा बाप दगड धुत होता आणि बोलत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

पाणी निवळलं तेव्हा ते उठले, खडी केंद्राच्या गोणीत तळाशी चुकून आलेले मोठे तुकडे चाचपले आणि त्यातला एक जवळपास हातभर लांब, अरुंद दगड काढला. चाचांकडून हातोडी मागून घेतली. दोन-तीन ठोक्यांत त्याची टोकं सारखी केली. तो आवाज ऐकून उमरीच्या आई बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. अप्पांनी तो दगड पेटीत तळाला आडवा ठेवला, एका काचेपासून दुसरीपर्यंत, काचेला न टेकता. त्याच्या मागे बोटभर काळी माती, आपल्या रानातलीच, आईच्या पिशवीत उरलेली, चांगली दाबून. तिच्यावर कच, तीन बोटं जाड. मागे उंच, पुढे उतार. दगड पूर्ण झाकला गेला.

"माती खाली गप बसंल, दगुड वर धरंल," ते म्हणाले. "आन् ह्यो लांब दगुड कुणाला दिसायचा न्हाई. न्हाई दिसला तरी घालायचा."

चाचांनी पेटीत डोकावून पाहिलं, भिंग डोळ्याला लावून, आणि फार सावकाश म्हणाले, "वा, मिस्त्री." अप्पांना त्या नावाने हाक मारलेली मी कित्येक वर्षांनी ऐकली.

पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी नितळ होती. उरलेल्या दोन गप्पी काळ्यावर अशा रंगल्या की चाचींनी त्या नव्या आणल्या का म्हणून विचारलं. वेल आठ दिवसांत नवी पानं सोडायला लागली, आणि दुपारच्या उन्हात पानांवर हवेचे बारीक बुडबुडे धरत. मी अभ्यासाला समोर बसत असे. मार्क वाढले का? थोडे. त्या वर्षीही मेडिकलला नंबर लागला नाही, हे सांगून टाकते. मी वनस्पतिशास्त्र घेतलं, नांदेडला नोकरी लागली, आणि बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. आमच्या गल्लीने ठरवलं होतं.

पण पेपर तोंडावर आलेले असताना अप्पांनी एक गोष्ट केली, जिचा मला तेव्हा जबरदस्त राग आला. भूकंपात न पडता उभी राहिलेली जुनी दगडी घरं मजबूत करायचं काम गावोगाव चाललं होतं. उभ्या भिंतीला भोकं पाडून लांब दगडाच्या जागी आरपार सिमेंट-सळईचा सांधा घालायचा. भिंत न पाडता भोक पाडायला जुना, हाताला दगड कळणारा मिस्त्री लागतो. ज्यांना दोनदा परत पाठवलं होतं त्या सरकारी माणसांकडे अप्पा आपण होऊन गेले आणि मला येऊन सांगितलं की परवापासून जातो. मी म्हणाले, माझे पेपर झाले की जा. भाकरी कोण करणार? ते म्हणाले, "तवर एकांदं भिताड पडंल." आणि जाण्याआधी सकाळी त्यांनी मला भाकरी शिकवली, कोमट पाण्यासकट. पेपरांच्या दिवसांत गल्लीतल्या आयांनी पाळी लावून मला डबा दिला. माझी भाकरी त्यांना बघवेना.

आज धुताना तो लांब दगड घमेल्यात वेगळा ठेवला होता. त्याच्या टोकांना हातोडीचे ते दोन-तीन ठोके अजून दिसतात. अप्पांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी सांधलेल्या घरांपैकी काही मी पाहिली आहेत. भिंतीवर दोन-तीन हातांच्या अंतराने सिमेंटचे छोटे चौकोन दिसतात, बाहेरून आणि आतून, बरोबर समोरासमोर. त्या घरांतल्या बायकांनी चौकोनांच्या अधेमधे खुंट्या ठोकून कपडे लटकवले आहेत. कोणाला ते चौकोन कशाचे हे विचारलं तर बहुतेक सांगता येत नाही. मी तरी त्यांना सांगत बसले नाही.

मी दुकानदाराला उद्या सांगून टाकणार आहे की पाकीट नको. त्याची माती वाईट आहे म्हणून नव्हे. मला खाली काहीतरी घालायचं आहे, म्हणून.

त्या वर्षी लातूरला जीवशास्त्राचा शेवटचा पेपर संपवून मी बाहेर आले तेव्हा अप्पा फाटकाशी उभे होते. अंगावर सिमेंट, नखं फुटलेली, पंजाला चिंधी बांधलेली. सगळे आईबाप पोरांना प्रश्नपत्रिका विचारत होते. अप्पांनी आधी विचारलं, कच घसरली का? मी म्हणाले, न्हाई. मग विचारलं, पेपर कसा गेला. आम्ही चालत घरी आलो, मी केलेली भाकरी त्यांनीही मागे टाकली नाही. मग उठून त्यांनी खोलीच्या चारही भिंतींवर मुठीने ठोकून पाहिलं, एका कोपऱ्यात कान लावला, आणि अंगणातली बाज उचलून आत आणली. पेटीच्या बाजूच्या भिंतीला लावली आणि तिच्यावर आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले. उमरीच्या आई कालचा डबा मागायला येत होत्या, त्यांना मी लांबूनच हाताने थांबवलं. भर दुपारी माझा बाप छताखाली झोपला होता, आणि ऊन उतरेपर्यंत मी दारात बसून राहिले, कोणी त्यांना उठवू नये म्हणून.